औषधाच्या टाकीतले शिंपले

उतारवयात लेखणी हाती घेतलेल्या माझ्यासारखीने माशांवर लिहावे, हे धाडस वाचकांनी पोटात घालावे.

नव्या समुद्री माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, म्हणून त्याला वेगळ्या टाकीत ठेवून मी पाण्यात तांब्याचे औषध घालते आहे. तरीही ठिपके वाढत होते, मासा धापा टाकत होता. पाणी तपासावे, तर औषध जवळजवळ नाहीसे झालेले. आज सकाळी टाकीच्या तळाशी शिंपले दिसले.

“हे कोणी टाकले?”

“मीच,” आमचे यजमान म्हणाले. “किती ओकीबोकी खोली दिलीस बिचाऱ्याला! तुरुंग बरा.”

“अहो, शिंपले औषध शोषून घेतात! सांगितले होते ना, आत काही ठेवू नका?”

“काही म्हणजे शिंपलेसुद्धा?”

पथ्यावरच्या रुग्णाला चोरून लाडू भरवणारे आप्त मला आठवले. त्यांची माया खोटी नसते, म्हणूनच त्यांच्यापुढे वैद्य हरतो. शिंपले काढून मी औषधाची मात्रा नव्याने मोजली. मासा अजून कोपऱ्यात धापा टाकतो आहे, आणि हे काचेला नाक लावून त्याला विचारताहेत, “करमतं का रे?”

वाचकहो, वेगळे नेमके कोणाला ठेवावे, माशाला की यांना?