अर्ध्या गोळ्या

मानपाड्याच्या भीमाबाईला सुपारीशिवाय घास उतरायचा नाही. पण कारखान्यात कंत्राटावर असलेल्या तिच्या राजरत्नला मोठ्या आतड्याचं जुनं दुखणं जडलं, संडासवाटे रक्त पडू लागलं, तेव्हा तिने सुपारी सोडली आणि त्याच अडकित्त्याने ती लेकाच्या गोळ्या कातरू लागली. गोळ्या महागाच्या, त्यात जन्मभर घ्यायच्या. विमा म्हणे ॲडमिट झालं तरच मिळतो, रोजच्या औषधाचं ज्याचं त्याने बघायचं. म्हणजे माणूस आडवा पडेपर्यंत थांबायचं की काय! म्हणून ती अख्खीच्या जागी अर्धी द्यायची. तळहातावर उरलेला चुरासुद्धा त्याला चाटायला लावायची.

दुखणं बळावलं तशी दोघं नौपाड्याला डॉक्टरकडे गेली. भीमाबाईने आपली काटकसर मोठ्या अभिमानाने सांगितली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"मावशी, या गोळीवरचं आवरणच औषध आतड्यापर्यंत नेतं. तोडली की औषध वरच, पोटातच विरघळून जातं. ही अख्खीच गिळायची असते."

बाहेर बाकड्यावर बसून भीमाबाईने तोंडात मारून घेतलं. "माझ्याच हातांनी वाटोळं केलं रे तुझं!"

राजरत्नने तिचा हात धरला. "मला ठाऊक होतं, आई. मेडिकलवाल्याने मागेच सांगितलेलं."

"मग घेत कशाला राहिलास?"

"अख्ख्या परवडल्या असत्या का आपल्याला?" तो खाली बघत म्हणाला. "आणि अर्धी दिलीस, की तुला तरी शांत झोप लागायची."