डेक पास करणारे पाय

बोटींच्या आवारात माझ्या दादाला सगळे ‘पॉलिशपेपर’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती आहे! पॉलिशपेपर म्हणजे जुना रंग घासून काढायचा तो खरखरीत कागद. दादाचं बोलणं तसंच. समोरच्याला दोन वाक्यांत सोलून काढतो. मला ‘चिकटपट्टी’ म्हणतात. एक तर रंगकामाआधी कडांना टेप लावायचं काम माझं, आणि दुसरं म्हणजे भांडणाला एकदा चिकटले की मी सुटत नाही म्हणे. हे दुसरं साफ खोटं आहे, आणि ज्याला वाद घालायचा असेल त्याने समोर यावं.

आम्ही दोघं बहीणभाऊ शिडाच्या बोटींचे डेक रंगवतो. डेकवर माणसं चालतात, उभी राहतात, दोर ओढतात. तिथे साधा रंग चालत नाही. शिडात वारा भरला की बोट एका अंगाला कलते, वरून पाणी येतं, आणि गुळगुळीत रंगावरून माणूस सरळ समुद्रात जातो. म्हणून रंगात बारीक वाळूचे दाणे पेरायचे, पायाला धरतील असे. वापरून वापरून ते दाणे झिजतात, मग लोकांना आमची आठवण येते. जुना रंग खरवडायचा, घासायचा, पुसून घ्यायचा, अस्तर द्यायचं. मग रंगाचा एक ओला हात, आणि तो ओला असतानाच डब्याच्या भोकांतून त्यावर वाळू. वाळल्यावर सुटी वाळू झाडून टाकायची आणि वरून पुन्हा रंग फिरवायचा. सगळी मेख या शेवटच्या रंगात. पातळ राहिला तर दाणे निघून जातात, जाड झाला तर दाणे रंगात बुडतात. दोन्हीकडून मरण.

आवारात बोट टेकूंवर सरळ उभी असते. तिथे डेकवर कोणीही चालावं, घसरायला होत नाही. घसरतं ते नंतर, समुद्रात, आणि तेव्हा आम्ही तिथे नसतो. म्हणून दाणा किती धरतोय ते आधीच ओळखावं लागतं, आणि दादा ते पायांनी ओळखायचा. हातांनी नाही. आयुष्यभर घासून घासून त्याच्या तळहातांची कातडी इतकी जाड झालीय की चहाचा गरम गरम ग्लास तो नुसता धरून अर्धा तास लोकांच्या चुका काढू शकतो. पण पाय! पायांचे काय लाड होते त्याच्या! आवारात आम्ही सगळे फाटक्यातुटक्या चपला घालून फिरायचो, आणि हा मऊ तळाचे बूट, वर जाड मोजे. झोपण्याआधी तळव्यांना तेल. वहिनी म्हणायची, "लग्नात माझे पाय एवढे मऊ नव्हते बाई."

काम संपलं की तो डेकवर साबणाचं पाणी ओतायचा, बूट काढायचा, डोळे मिटायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायचा. आधी टाच, मग चवडा, मग बोटं. मध्येच थांबून म्हणायचा, "इथे बुडालाय दाणा." मी हात लावून बघायची, मला काही म्हणजे काही फरक कळायचा नाही. तेवढा तुकडा आम्ही पुन्हा करायचो. सगळं मनासारखं झालं की एकच शब्द, "पास." मग मालकाने पुढे काही विचारायचं नाही, आणि कोणी विचारतही नसे. दादाने पास केलेल्या डेकवरून कोणी घसरलं, असं मी तरी आजवर ऐकलेलं नाही.

या वर्षी घड्याळवाल्यांची बोट आमच्याकडे आली. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि त्यातून उरलेला सगळा वेळ त्या लहानशा बोटीवर. ते आणि त्यांच्या बाई, दोघंच जायचे. पण बाईंना झटका आला आणि डावा पाय लुळा पडला. पुढे त्या हळूहळू चालायला लागल्या, तरी पाय बधिरच राहिला. बोट तशीच धूळ खात पडली होती.

"तिला एकदा परत घेऊन जायचंय," घड्याळवाले दादाला म्हणाले. "पुढच्या टोकाला बसायची तिची जागा आहे. तिथपर्यंत ती चालत जाणार म्हणते. उचलून नेलेलं तिला चालत नाही. तुम्ही पास म्हणालात की मी निर्धास्त."

"बाईंना सांगा, नाचत जा," दादा म्हणाला. तो असं गोड बोलला म्हणजे मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

काम झालं. रंग छान बसला होता, पिवळसर पांढरा, डोळ्यांना न टोचणारा. दादाने पाणी ओतलं, बूट काढले, डोळे मिटले आणि चालत सुटला. मी मागे गुंडाळलेल्या टेपा गोळा करत होते. पुढच्या टोकाला जाऊन तो वळला, डोळे उघडले, आणि माझ्यावरच खेकसला.

"लाल रंगाचा डबा कोणी आणला इथे? तुला हजारदा सांगितलंय, ओल्या डेकवर डबे आणू नकोस म्हणून! बघ काय करून ठेवलंस!"

मी बघितलं. नव्या कोऱ्या डेकवर साबणाच्या पाण्यात लाल डाग पसरत होते. एका पावलाआड एक, सरळ रेषेत, पुढच्या टोकापर्यंत. आमच्याकडे लाल रंग नव्हताच.

"दादा," मी म्हटलं, "खाली बस."

"आधी ते पूस."

"बस म्हणते ना!"

बसला. त्याचा उजवा पाय मी मांडीवर घेतला. टाचेत खरवडणीच्या पात्याचा तुटका तुकडा रुतला होता, नखाएवढा. मी तो पकडून ओढला. दादा मात्र शांतपणे बघत होता, पाय शेजाऱ्याचा असावा तसा. मी बोटाने त्याच्या तळव्याला टोचलं. मग नख लावलं. मग चिमटा काढला, चांगला जोरात. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मला कळलं की मी चिमटा कधी काढला हेच त्याला कळलेलं नाही. दुसऱ्या पायाचंही तेच.

पायाला फडकं बांधून मी चपला काढल्या आणि स्वतः चालले. मागचा भाग बरा होता. शिडाच्या खांबाच्या पुढे गेले आणि पायाखाली एकदम गुळगुळीत, धुतलेल्या ताटासारखं. मी त्याच्याकडे वळले.

"पुढचा सगळा बुडालाय."

"पास आहे."

"दादा, तुला कळत तरी आहे का पायाला?"

"मला डोळ्यांनी कळतं. एवढी वर्षं काय झक मारली? तू आजवर टेपा चिकटवल्यास, मला शिकवू नकोस. उद्या बोट पाण्यात जाईल. पास म्हणजे पास."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, शोभणार नाही. एवढं मात्र म्हटलं की ती बाई त्या टोकावरून पाण्यात गेली तर तिला तुझी एवढी वर्षं वर काढणार आहेत का? त्यावर त्याने बूट घातले आणि लंगडत निघून गेला. मी डेक पुसला. डाग निघाले, पण राग कुठे संपत होता आणि भीती कुठे सुरू होत होती ते मला सांगता येणार नाही.

घरी पोचले तेव्हा दादा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. मी सांगायला लागले तर तिने मला गप्प केलं, आतलं दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"साखरेमुळे झालंय. मागे मी पाय शेकायला पाणी ठेवलं, ते फार कढत होतं. हा पाय बुडवून पेपर वाचत बसला. मी हात घातला तर मलाच चटका बसला. पाय बाहेर काढले तर भाजलेले. ह्याला पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, अनवाणी चालायचं नाही, परत कधीच नाही." ती ओटा पुसत राहिली, पुसलेलाच. "माझ्याकडून शब्द घेतला, कोणाला सांगायचं नाही. तुला तर नाहीच. म्हणाला, हिला कळलं तर सगळ्या आवाराला कळेल."

मला ते लागलं. पण खोटं होतं असं म्हणवत नाही.

"मग तेल कशाला लावतो अजून?" मी विचारलं.

"मी लावते," वहिनी म्हणाली. "त्याला वाटतं, कधीतरी कळेल." आणि ती रडायला लागली. मग मीही. दोघी तशाच ओट्याला टेकून उभ्या राहिलो, आणि आतून दादा ओरडला की कोणी जेवायला वाढणार आहे की नाही.

सकाळी मी भांडायची पूर्ण तयारी करून आवारात गेले. शिडीवर पाय ठेवला तर वर घासायचा आवाज. दादा पुढच्या टोकाला गुडघ्यांवर बसून रंग घासत होता. जखमेच्या पायाला बुटावरून प्लास्टिकची पिशवी बांधलेली. खांबापासून टोकापर्यंत अर्धा भाग त्याने उतरवूनही टाकला होता. चूक झाली वगैरे शब्द त्याच्या तोंडून निघतील अशी अपेक्षा कोणी करू नये. मान वर न करता म्हणाला, "टेप लाव. आणि बोट पाण्यात घालणाऱ्यांना सांग, आज नको."

मी टेप लावली. अस्तर, रंग, वाळू, सगळं नव्याने. शेवटचा रंग त्याने मला लावायला दिला आणि शेजारी बसून माझं डोकं खाल्लं. "रोलर निथळून घे. एवढा दाबू नकोस, कणीक मळतेयस का?" रंग वाळला तशी त्याने पाण्याची बादली आणली आणि म्हणाला, "चाल."

"मी?"

"मग काय पलीकडच्या बोटीवाल्याला बोलावू? चपला काढ. डोळे मीट."

मी चालले. तो बाजूने गुडघ्यांवर सरकत विचारत होता. "टाचेखाली काय?" मी म्हटलं, खरखरीत. "कसं खरखरीत? टोचतंय की नुसतं धरतंय? बोटं दाबून बघ. आता पाय पुढे सरकवून बघ, सरकतो का?" मला नीट सांगता येईना. शब्द सापडेनात. तो चिडेना, तेच पुन्हा विचारायचा, आणि मी पुन्हा पाय दाबून बघायची. एका जागी मी थांबले. म्हटलं, इथे जरा कमी वाटतंय, माहीत नाही. त्याने तिथे खडूने गोल काढला. तेवढा तुकडा आम्ही तिसऱ्यांदा केला.

शेवटी मी टोकापर्यंत जाऊन आले आणि तो माझ्याकडे बघत राहिला. तो कशाची वाट बघतोय ते मला कळत होतं. आयुष्यभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो, आणि तो एक शब्द काही तोंडातून निघेना. म्हटला आणि चुकला तर? ती बाई, तिचा तो बधिर पाय. हे ओझं दादा प्रत्येक बोटीला उचलत आला होता, आणि मला वाटायचं त्याला नुसता रुबाब करायला आवडतं.

"पास," मी म्हटलं.

बोट पाण्यात उतरली, धक्क्याला बांधली. घड्याळवाले बाईंना घेऊन आले. लहानखुऱ्या बाई, हातात काठी. धक्क्यावरून फळी टाकली होती. घड्याळवाल्यांनी सगळ्या मालकांसारखं दादाकडे बघितलं. "पास ना?"

दादाने नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. डेक चांगला होता. मी त्याच्याकडे बघून मान हलवलीही.

"मला विचारू नका," दादा म्हणाला. "माझ्या पायांना काही कळत नाही आता. दोन्ही पाय गेले. आधी मी पास म्हटलं होतं ते चुकलं होतं. पुढचा भाग पुन्हा केलाय. हा डेक हिने पास केलाय."

घड्याळवाल्यांचा चेहरा पडला. ते एकदा माझ्याकडे बघत, एकदा बाईंकडे. दादा धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला हात लावून उभा होता, ‘नाही’ हे उत्तर ऐकायच्या तयारीने. पलीकडच्या बोटीवरचा रंगारीही हात थांबवून ऐकत होता. आता सगळ्या आवाराला कळणार होतं, आणि मला घड्याळवाल्यांशी, त्या रंगाऱ्याशी, जगाशी भांडावंसं वाटत होतं, पण भांडायला कोणी चुकलेलंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "दोन्ही?"

"दोन्ही."

"माझा एकच." त्यांनी त्याच्या पायांकडे बघितलं. "पडलात का कधी?"

"अजून नाही."

"पडाल. मघाशी येताना बघितलं मी, समोर बघत चालता. तसं नाही चालायचं आता. पाऊल टाकलं की खाली बघायचं, टेकलं का. टेकलं की मग दुसरं. आधी लाज वाटते. चारचौघांत फार वाटते. पण पडण्यापेक्षा बरं." त्यांनी काठी नवऱ्याकडे दिली आणि उजवा हात पुढे केला. "या. हा माझा चांगला हात. मला त्या टोकाला जायचंय, आणि तुम्हाला शिकायचंय."

दादाला कोणी शिकवतंय आणि तो ऐकतोय, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने त्यांचा हात धरला. दोघं डेकवर चढले, बुटांसकट, एकमेकांना सांभाळत, माना खाली घालून. बोट पाण्यावर जराशी हलत होती. मी तोंड दुसरीकडे फिरवलं, कारण मला रडू आवरेना, आणि तरी कान तिकडेच होते.

खांबापाशी ते थांबले. पुढे आम्ही पुन्हा केलेला भाग होता.

"टेकला का?" दादाने विचारलं.

बाईंनी वाकून त्याच्या पायाकडे बघितलं.

"टेकला," त्या म्हणाल्या. "टाका पुढचा."