उकंडा मिस्त्री गाडीले चांगलं म्हणत नाई

राजूरच्या उकंडा मिस्त्रीच्या तोंडून कोण्या गाडीची तारीफ ऐकलेला माणूस मले आणून दाखवा, मी माह्यी गाडी त्याले फुकट देतो. नवीकोरी गाडी नेऊन उभी करा, बॉनेट उघडून तो म्हणन, "भंगार हाय." मालकाचं तोंड एवढंसं होते. आम्ही जुने गिऱ्हाईक मात्र खूश. त्याचं भंगार म्हणजे इंजिन ठणठणीत.

याले कारण त्याचं नाव. त्याच्या मायचे आधीचे तीन लेकरं गेलते. चौथा हा झाला तवा तिनं त्याले उकिरड्यावर ठेवलं, मंग उचलून घरात आणलं अन् नाव ठेवलं उकंडा. टाकून दिलेल्या चिजेवर मरणाची नजर जात नाई म्हणतात. मिस्त्रीनं तेच जन्मभर धरून ठेवलं. जे जगवायचं त्याले नावं ठेवायची, मग ते इंजिन असो का घरातलं माणूस. बायकोच्या भाजीले 'पचपचीत' म्हणन अन् तीन वेळा वाढून घेईन.

पोरगी झाली तवा मात्र गडी चुकला. नाव ठेवलं खुशी. म्हातारी माय बोंबलली, "अरे, धोंडी ठेव, दगडी ठेव!" यानं ऐकलं नाई.

खुशी मोटार मेकॅनिकचा कोर्स करून आली अन् बापाच्या गॅरेजात लागली. बाप लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनले लावे, मूठ कानाले, डोळे मिटे अन् आतलं दुखणं सांगे. पोरगी लॅपटॉप लावे. दोघायचं रोज वाजे. एका गोष्टीत मात्र बापलेक एक होते: गाडीले आधी श्वास घेऊ द्या, मंग दौडवा.

माह्यी डिझेल कार हाय. आठवड्यातून दोन दिवस डायलिसिसचे पेशंट मी यवतमाळले नेतो अन् आणतो. मागच्या वर्षी गाडी चढावर दम टाकाले लागली. मी गेलो खुशीकडं. म्हटलं, "पोरी, पॉवर वाढवून दे."

"काका, आधी डिक्की उघडा," ती म्हणे. डिक्कीत दोन स्टेपन्या, सिमेंटची अर्धी थैली अन् फुटका बंब. "हे कायले फिरवता? देवदर्शनाले नेता काय याले?" सारं उतरवलं. टायरची हवा पाहिली, कमी. एअर फिल्टर आपटला तर खदानीतल्या कोळशाची मूठभर भुकटी पडली. "राजूरच्या धुळीत पुस्तकातले किलोमीटर चालत नाई. अर्ध्यातच बदलायचा." इंजिनात दाबानं हवा भरणाऱ्या टर्बोच्या पाइपले बारीक चीर होती, हवा गळत होती. धूर परत फिरवणारा वॉल्व्ह काजळीनं बुजलेला होता, तो धुतला. एवढ्यानंच गाडी अर्धी सुधरली. मंग शेवटी लॅपटॉप लावून तिनं स्वतः बनवलेली फाइल गाडीच्या कॉम्प्युटरात टाकली. डिझेल कवा अन् किती सोडायचं, हवा किती दाबानं घ्यायची, हे सारं त्या फाइलीत राह्यते. म्हणे, "थोडंच वाढवलं काका. जास्त केलं तर क्लच जळन."

अन् एक ताकीद दिली. चढ चढून आले का लगेच चावी बंद नाई करायची. टर्बो तापलेला राह्यते, तेल फिरू द्यायचं. "विसापर्यंत मोजा, मंगच बंद करा." अन् स्वतः मोजून दाखवलं, ओठातल्या ओठात, सावकाश. येक... दोन... तीन... बारक्या पोराले झोपवावं तसं.

त्या दिवशी चढावर गाडी अशी उचलली का बाजूले बसलेला मिस्त्री बोलून गेला, "वा पोरी! चांगलं काम केलं." बोलला अन् जीभ चावली. मी हासलो. मले काय माहीत बाप्पा!

चौथ्या दिवशी, मे महिन्याच्या भर दुपारी, खुशी एका गिऱ्हाइकाची गाडी चालवून पाहाले निघाली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खदानीच्या वळणावर टिप्परनं उडवली. लोकं पोचले तवा लॅपटॉपचा चुरा झालता, पोरगी गेलती, अन् गाडीचं इंजिन चालूच होतं. चावी फिरवाची कोणाची हिंमत होईना. शेवटी बापानंच फिरवली.

तेरवी झाली अन् त्यानंतर मिस्त्री दर गुरुवारी दुपारी माह्या दारात. न बोलावता. "चालू कर." स्क्रू ड्रायव्हर लावे, डोळे मिटे. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मंग म्हणे, "भंगार हाय तुयी गाडी." अन् जाता जाता, "मी कोपऱ्याआड जावोस्तोर बंद नको करू." मी म्हणो, दुःखी माणूस हाय, येऊ दे.

पण गाडीनं एक नाटक सुरू केलं. खदानीच्या वळणाशी आली, अन् दुपारची वेळ असली, का तिचा जोरच जाये. ॲक्सिलरेटर दाबा का दाबू नका, बैलगाडीसारखी चाले. वळण संपलं का पुन्हा नीट. सकाळी तिथूनच जा, काही नाई.

एक दिवस मागच्या सीटवर विमलताई होत्या, माह्या जुन्या पेशंट. त्या म्हणे, "गोपाल, कोण मोजून राह्यलं रे?"

"कुठं ताई?"

"समोरून येते आवाज. एकोणीस झाले का पुन्हा येकपासून."

विमलताई खुशीले ओळखतही नव्हत्या.

पुढच्या गुरुवारी मिस्त्री पाणी प्याले घरात गेला. स्क्रू ड्रायव्हर बॉनेटवरच होता. मी टोक इंजिनले लावलं, मूठ कानाले. आधी नुसती टकटक. मंग तिच्याखालून, ओठातल्या ओठात, सावकाश... सतरा... अठरा... एकोणीस. मंग थांबलं. मंग पुन्हा येक. विसाचा आकडा येतच नव्हता.

मिस्त्री दारात उभा होता. मी विचारलं, "तुम्ही काय ऐकता हो?"

"बेअरिंग," तो म्हणे. डोळे भरून आलते त्याचे.

आता मले शिव्या घाला, घालाच. पण माह्यीही बाजू ऐका. सोमवारी दुपारी त्याच वळणावर गाडी मेली अन् मागून टिप्पर आला. हॉर्न मारत मारत आरशाले घासून गेला. विमलताई मागं छातीवर हात धरून बसलेल्या. आणखी वीतभर आत आला असता, तर आम्ही दोघंही तिथंच राह्यलो असतो. मी यवतमाळले पोचलो, ताईले मशीनवर बसवलं अन् सरळ एका लॅपटॉपवाल्याकडं गेलो. त्यानं तपासलं. म्हणे, "फॉल्ट काहीच नाही. फाइल तर फार हुशारीनं बनवलीय." मी म्हटलं, "पुसून टाक. कंपनीची टाक." तो म्हणे, "जुनी ठेवू का पेन ड्राइव्हवर?"

मी म्हणालो, "कायले?"

एवढंच म्हणालो. त्या एका शब्दानं आजही झोप लागत नाई मले. पोरीचा लॅपटॉप फुटलता, हे मले माहीत होतं. ती फाइल साऱ्या दुनियेत माह्याच गाडीत उरली होती. पण तवा मले फक्त टिप्परचा हॉर्न ऐकू येत होता.

पुढच्या खेपेले, भर दुपारी, गाडी वळणावरून सुतासारखी गेली. विमलताई झोपल्या होत्या.

गुरुवारी मिस्त्री आला. "चालू कर." स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. मी दुसरीकडं पाहत उभा राह्यलो. त्यानं जागा बदलली. पंपाले लावून पाह्यलं, टर्बोले लावून पाह्यलं. पुन्हा पहिल्या जागी आला.

"काय केलं तू?" त्यानं विचारलं.

मी सारं सांगितलं. टिप्पर, विमलताई, लॅपटॉपवाला. 'कायले' म्हणालो तेही सांगितलं, लपवलं नाई. वाटलं, हाणन मले. हाणाले पायजे होतं. त्यानं फक्त मान हालवली. म्हणे, "बरोबर केलं. मागं माणूस बसलेलं होतं."

मंग तो ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. चावीवर हात ठेवला अन् ओठातल्या ओठात मोजाले लागला. सतरा. अठरा. एकोणीस. तिथं थांबला. माह्याकडं पाह्यलं.

"वीस," तो म्हणाला अन् चावी फिरवली.

उतरून त्यानं बॉनेट सावकाश लावलं, बाहीनं पुसलं.

"चांगली हाय गाडी, गोपाल," तो म्हणाला. "लय चांगली हाय."