डाव्या बाजूची पदकं

"मी फौजेत होतो," असं जबलपुरात एखादा पुरुष म्हणाला की समोरचा मान डोलावतो आणि विचारतो, "कुठे होतात?" मी हेच म्हटलं की समोरचा माझ्या नवऱ्याकडे पाहतो.

माझा नवरा गणित शिकवतो. नेपियर टाउनमध्ये त्याचे क्लासेस आहेत. चष्मा नसला तर त्याला स्वतःची स्कूटर ओळखू येत नाही. तरी सदर बाजारातल्या दुकानांतून लोक त्यालाच विचारतात, "सर, कौन सी रेजिमेंट?" आणि तो प्रामाणिकपणे सांगतो, "मैथ्स." सुरुवातीला घरी येऊन आम्ही दोघं पोट धरून हसायचो. मग नुसतं हसायचो. मग तेही थांबलं.

मी रसद विभागात अधिकारी होते. रसद म्हणजे पीठ, रॉकेल, बटाटे, औषधं, सगळं डोंगरावर पोचवायचं. ऐकायला किराणा दुकान वाटतं, मला माहीत आहे. पण वर थंडीत बटाटा दगडासारखा होतो आणि अंडं हातोडीने फोडावं लागतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधे बर्फात अडकलेली ट्रकांची रांग. अशा रांगेत जो आरडाओरडा करतो त्याचा कोणालाच उपयोग नसतो, एवढं मी तिथे शिकले. लोक माझ्या शांतपणाचं कौतुक करतात तेव्हा मला संकोच होतो. तो माझा मोठेपणा नाही. नोकरीत लागलेली सवय आहे.

ही सवय मागच्या सव्वीस जानेवारीला कामी आली.

आमच्या कॉलनीच्या बागेत झेंडावंदन होतं. कॉलनीचे सेक्रेटरी घरी येऊन म्हणाले होते, "दीदी, मेडल लगाकर आना. बच्चों को अच्छा लगेगा." म्हणून मी साडीवर कोट घातला आणि कोटावर पदकं लावली. डाव्या बाजूला. स्वतःची पदकं डावीकडे लावतात. गेलेल्या माणसाची पदकं त्याच्या घरचे लावतात, ती उजवीकडे. एवढा साधा नियम आहे.

झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, समोसे आले. तेवढ्यात एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. अंगात फौजी छापाचं जॅकेट, पायात फौजी बूट, कमरेला पाण्याची फौजी बाटली. नळ दहा पावलांवर होता. हे आमच्या कॉलनीतले नव्हते, कोणाचे तरी पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी आधी पदकं पाहिली, मग माझं तोंड पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बहनजी, पति के मेडल दाहिनी तरफ़ लगते हैं. शहीद का अपमान हो जाता है."

शहीद माझ्या शेजारीच उभा होता. हातात समोसा घेऊन, चटणी शोधत.

"पति ये रहे," मी म्हटलं. "और मेडल मेरे हैं."

ते हसले. लहान मुलाने 'मी चंद्रावर जाऊन आलो' म्हटल्यावर मोठी माणसं हसतात ना, तसं. "अच्छा! नर्स थीं आप?"

"नहीं. रसद."

"मतलब कैंटीन?"

माझ्या डोक्यात त्या क्षणी जे शब्द आले ते मी फौजेतच शिकले होते आणि ते बागेत, मुलांसमोर उच्चारण्याजोगे नव्हते. मी चहाचा घोट घेतला. तेवढ्यात त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "तो ज़रा देश को बताइए, कहाँ पोस्टिंग थी, कौन सी यूनिट थी, आइडी कार्ड दिखाइए."

देशाने या गृहस्थांना केव्हा नेमलं हे मला कळलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "ज्याला विचारायचा अधिकार आहे त्याने विचारलं तर दाखवीन. तुम्हाला नाही." घाईत हे मराठीत निघालं, म्हणून परत हिंदीत सांगितलं. आवाज चढवला नाही. चहा संपवून कप टेबलावर ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, "चल, घरी जाऊ."

त्यांनी तो व्हिडिओ सोशल मीडियावर टाकला आणि दुपारपर्यंत तो कॉलनीच्या ग्रुपवर आला. वर लिहिलं होतं, 'नकली फौजी मैडम, कार्ड माँगा तो भागी.' मी चहा संपवून सावकाश चालत घरी आले होते, पण असो.

त्यानंतरचे दिवस मजेचे होते. ज्या बायका मला "फौजी दीदी" म्हणून हळदीकुंकवाला बोलवायच्या त्यांना जिन्यात अचानक मोबाइल पाहायची गरज भासू लागली. सेक्रेटरींचा फोन आला, "दीदी, बस कार्ड की एक फ़ोटो ग्रुप में डाल दो. मामला ख़त्म."

"भैया, मामला मी सुरू केला नाही," मी म्हटलं. "आणि समोरच्या गल्लीतल्या सुभेदारसाहेबांचं कार्ड ग्रुपवर कधी मागितलं होतं?"

"उनकी बात अलग है."

वेगळी आहेच. सुभेदारसाहेबांना भरघोस मिशी आहे. त्या मिशीला कोणी कधी कागद मागत नाही. ते सज्जन गृहस्थ संध्याकाळी स्वतः दारात आले आणि म्हणाले, "मैडम, मैं ग्रुप में बोल दूँ?" मी त्यांना मनापासून धन्यवाद दिले आणि नको म्हटलं. माझी नोकरी खरी होती की नाही, हे त्यांच्या मिशीने ठरवावं, हे मला मान्य नव्हतं. त्यांना ते लगेच कळलं. त्यांनी सॅल्यूट केला आणि गेले.

माझ्या आईला मात्र हे काहीच पटत नव्हतं. ती आमच्याकडेच राहते. घराणं मूळचं अमरावतीकडचं, आयुष्य गेलं जबलपुरात, आणि मराठीला अजून तिकडचाच गंध. "काहून चूप बसली तू?" ती सकाळ-संध्याकाळ विचारायची. "कार्ड दाखव ना त्याच्या तोंडावर! लोकं काय काय बोलून राहिले!"

"आई, आज कार्ड दाखवलं तर उद्या म्हणतील कार्ड खोटं आहे."

"मंग दोन लगाव त्याले!"

ते जॅकेटवाले गृहस्थ सदरमध्ये दुकान चालवतात, हे नवऱ्याने शोधून काढलं. फौजी सामानाचं दुकान: बूट, पट्टे, ट्रॅकसूट, छापाची जॅकेटं. पुढच्या आठवड्यात मी निघाले तर आई चप्पल घालून दारात उभी. "मी येते."

"तू काही बोलणार नाहीस."

"मी कशाले बोलू?"

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी मला ओळखलं आणि आधी दाराकडे पाहिलं, बहुधा माझ्यामागून एखादी पलटण येते की काय म्हणून. मागून आई आली. तिने स्टूल ओढलं आणि बसली.

मी बागेत बोलले होते त्याच आवाजात, पण या वेळी सुरुवातीपासून हिंदीत बोलले. "तो व्हिडिओ काढून टाका. मी भांडायला आले नाही. आज काढला नाहीत तर रीतसर तक्रार देईन. तिथे माझे कागद मागतील, तिथे मी दाखवीन. तुमचेही काही प्रश्न तिथे विचारतील."

"मैडम, आप बुरा मान गईं! मैं तो फ़ौज की इज़्ज़त के लिए..."

"अच्छा?" आईने तोंड उघडलंच. "तुम कौन सी पलटन में था?"

ते जरा गडबडले. "माताजी, मैं तो व्यापार में हूँ. भर्ती में गया था, पर नहीं हुआ. लेकिन देशभक्ति ख़ून में है."

आईने मान डोलावली. "हमारे ख़ून में तो शुगर है," ती म्हणाली.

मला हसू आलं ते मी गिळलं. त्यांनी मोबाइल काढला आणि माझ्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. जे बोट तो चढवताना इतकं चपळ होतं ते काढताना फार जड झालं होतं. कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये तो अजून असेलच, हे मलाही ठाऊक होतं. मी "ठीक है" म्हटलं आणि वळले.

"मैडम, एक सेल्फ़ी?" मागून आवाज आला. "मैं डाल देता हूँ कि ग़लतफ़हमी दूर हो गई. आपका भी नाम, दुकान का भी नाम."

"नको."

ते काउंटरवरून पुढे झुकले. आवाज खाली आणला, जणू आता आपण दोघं एका बाजूचे झालो. "वैसे मैडम... आप सच में थीं न?"

मला वाटलं होतं की मी रागावीन. पण त्यांच्याकडे पाहताना काहीच झालं नाही. या माणसाला माझ्याबद्दल काहीही वाटलं तरी माझ्या एकाही दिवसात फरक पडत नव्हता, गेलेल्याही आणि येणाऱ्याही. इतका फुकटचा माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. "जो समझना है समझ लीजिए," मी म्हटलं आणि आईचा हात धरून पायरी उतरले.

परतताना आम्ही ऑटो केला. रस्त्यात रेल्वेचं फाटक बंद होतं. ऑटो थांबला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आई बाहेर पाहत म्हणाली, "एक सांग. तिथं वर, त्या बर्फात, भेव नव्हतं लागत तुले?"

फौज सोडून मला बरीच वर्षं झाली. लोकांनी मला कार्ड मागितलं आहे, यूनिट विचारली आहे, नवऱ्याची रँक विचारली आहे, बंदूक चालवता येते का तेही विचारलं आहे. हे कोणी विचारलं नव्हतं. आईनेही नाही.

"लागायचं," मी म्हटलं. "रोज सकाळी. गाड्या सुटेपर्यंत."

"मंग?"

"मग गाड्या सुटायच्या."

गाडी धडधडत गेली, फाटक उघडलं, सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवायला सुरुवात केली. आईने पदर नीट केला आणि ड्रायव्हरला सांगितलं, "भैया, आगे मंडी पे रोकना. मटर लेना है."