शंभर चिंचोके

"उतावळ नको करूस, बेन. अजून चिंचोके उरलेत." भाऊंचं हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकायची.

बडोद्यातल्या त्या दवाखान्यात हिवतापाच्या काचपट्ट्या तपासायला आम्ही दोघंच होतो. दोघांच्याही सूक्ष्मदर्शकाशेजारी दोन-दोन वाट्या, एकीत शंभर चिंचोके. रक्ताच्या थेंबाची एक जागा बघून झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. जंतू पहिल्याच जागी सापडला तरी वाटी रिकामी झाल्याशिवाय त्याची जात लिहायची नाही. साधा हिवताप वेगळा, मेंदूत शिरणारा वेगळा, आणि कधी दोन्ही एकाच माणसात असतात, हे भाऊंनी मला पढवलं होतं. त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते, म्हणून मी त्यांना 'सुभेदार' म्हणून चिडवायची. ते हसून पुढचा चिंचोका टाकायचे.

त्या दुपारी मांजलपूरला मावशीकडे मला बघायला पाहुणे येणार होते. कोयली गावच्या एका बाईच्या पट्टीत मला साधा जंतू लगेच दिसला. तीस चिंचोके झाल्यावर मी 'साधा' लिहून मोकळी झाले. वरिष्ठ म्हणून भाऊंनी माझ्यावर विसंबून अहवालावर सही केली.

दोन दिवसांची रजा संपवून आले, तर त्या बाईला बेशुद्ध अवस्थेत परत आणलेलं. भाऊंनी तीच पट्टी पुन्हा लावली. चंद्रकोरीसारखे दुसऱ्या जातीचे जंतू त्यात होतेच. मग त्यांनी माझ्या वाट्यांकडे पाहिलं. एकीत सत्तर चिंचोके तसेच पडले होते. दवाखान्याचे डॉक्टरसाहेब दारात दिसताच भाऊंनी एक वाटी दुसरीत ओतली.

"कोणी तपासलं हे?" साहेबांनी विचारलं.

"सही माझी आहे," भाऊ म्हणाले.

माझी नोकरी कच्ची होती, लग्न ठरत होतं. पण खरं सांगायचं तर मी भ्याले.

बाई कशीबशी वाचली. भाऊंना सूक्ष्मदर्शकावरून उठवून औषधांच्या कोठीत बसवलं, ते निवृत्तीपर्यंत. जाता-येता ते विचारायचे, "आज काय दिसलं, बेन?" मी मान खाली घालून सांगायची.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाऊंची 'एक चूक' मोठ्या मनाने सांभाळून घेतल्यासारखं भाषण केलं. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. तुमच्यापैकी कोणी तिथे असतं, तर माझ्या तोंडाकडे बघूनच चूक कोणाची ते ओळखलं असतं.

हार गळ्यात तसाच ठेवून भाऊ माझ्या टेबलाशी आले. सूक्ष्मदर्शकाला त्यांनी हात लावला नाही. वाटीतले चिंचोके एकेक करून मोजले, शंभर भरले, आणि ते निघून गेले.