मनकर्णाबाईंची मान

शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५. मंगरूळपीर. पहाटे कडक थंडी. मनकर्णाबाई आणि त्यांच्या जाऊबाई भागिरथा यांच्यासोबत नागपूरला गेले. दवाखान्यात भांडण झाले. व्हायलाच हवे होते.

मनकर्णाबाई आसेगावच्या. सारे आयुष्य निंदण-खुरपणात गेले, पण विहारात वंदना सुरू करावी ती त्यांनीच. माईक बंद पडला तरी त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. त्यांच्या मानेतली कॅन्सरची गाठ एकदा काढली, ती पुन्हा आली. आता कापली तर आवाज जाईल, असे डॉक्टर म्हणाले. "मंग कापूच नका," या म्हणाल्या, आणि नागपूरला एका नव्या उपचाराच्या चाचणीत दाखल झाल्या. तिथे गाठीत औषध भरलेली जेल टोचतात आणि वरून निळा दिवा धरतात. उजेड पोचला की जेल सैल होते, औषध गाठीतच सुटते. डॉक्टरांचे इंग्रजी समजावून सांगायला मी जाते.

आज डॉक्टरांनी पदर बाजूला केला आणि थांबलेच. मान पिवळीधमक. भागिरथा रोज मायेने हळदीचा लेप लावत होती, आणि हळद निळा उजेड अडवते.

"मागचा उजेडही वाया गेला असेल," डॉक्टर म्हणाले. "नियम मोडलात. चाचणीतून नाव काढावं लागेल."

भागिरथाला रडू फुटले.

"तू कायले रडून राह्यली वं?" मनकर्णाबाई तिच्यावर खेकसल्या. मग डॉक्टरांकडे वळल्या. "साहेब, हळद लावू नका म्हनून सांगतलं होतं काय?"

"मलम लावू नका, असं सांगितलं होतं."

"हळद मलम हाये काय? हळद आमी वरनात टाकतो!"

नर्स तोंडावर हात धरून हसली. मी म्हणाले, "डॉक्टर, हळदीचं नाव तुम्ही काढलं नव्हतं. तुमचं बोलणं यांना सांगणारी मीच होते."

"माहं नाव काढाचं तं मी मेल्यावर काढजा," मनकर्णाबाई उठल्या. "डाग काढून येतो. तवर दिवा तयार ठेवा."

नर्सने आपल्या पर्समधले खोबरेल दिले. भागिरथाने तेल आणि साबण लावून मान हळूहळू स्वच्छ केली. डॉक्टरांनी मान निरखली, वरिष्ठांची फोनवर परवानगी घेतली आणि दिवा लावला.

परतीच्या बसमध्ये मनकर्णाबाई पुढच्या पौर्णिमेची वंदना म्हणून बघत होत्या. कंडक्टर म्हणाला, "आजी, हळू." त्यांनी आवाज आणखी चढवला.

मी उतरताना भागिरथाने पिशवीतली हळदीची डबी माझ्या हातात कोंबली. संध्याकाळच्या वरणात तीच हळद घातली.