अंपायर, हंटर आणि नाट

ह्यांना ब्रिटिशांची सुरुवातीची जेट लढाऊ विमानं आवडत. हे गेले काही महिने मी समाचाराला येणाऱ्या पुष्कळ जणांना सांगितलं. चौलच्या सुपारीच्या वाडीत आणि अलिबागच्या सरकारी कचेरीत उभी हयात काढलेल्या माणसाला विमानं कशाला आवडावीत, हे कुणाला उमगत नसे. "असावा माणसाला काहीतरी छंद," असं म्हणून लोक विषय बदलत आणि आता वाडीला पाणी कोण देतं ते विचारत.

छंद हा शब्द मला तोकडा वाटे. लहानपणी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ह्यांनी दोन हंटर विमानं समुद्रावरून अगदी खालून जाताना पाहिली होती. विमानं गेली आणि मग आवाज आला. "आधी दिसलं, मग ऐकू आलं. सगळं जग उलटं झालं," असं ते सांगत. हे सांगताना साठीतसुद्धा ते उभे राहत.

लग्नानंतर ते मुंबईला कामाला गेले की जुन्या बाजारातून विमानांची इंग्रजी पुस्तकं आणू लागले. त्यांचं इंग्रजी कचेरीच्या पत्रांपुरतं. मी शाळेत मराठी शिकवत असले तरी इंग्रजी वाचायची सवय होती. संध्याकाळी ओटीवर मी वाचायची आणि मराठीत सांगायची. असं करता करता विमानं माझीही झाली. इंजिनाला हवा घेणाऱ्या भोकांना आम्ही 'हवेची तोंडं' म्हणायचो. हंटरच्या पंखांवर मात्र बराच वाद झाला. माझं म्हणणं 'मागे मुरडलेले', ह्यांचं 'मागे ओढलेले'. शेवटी 'मागे झुकलेले' यावर दोघांनी समेट केला.

घरात एकाच विमानाच्या नावाला बंदी होती. नॅट हे फार चिमुकलं आणि चपळ विमान, पण सासूबाईंना ते 'नाट' ऐकू येई. "सकाळी सकाळी घरात नाट नाट काय लावलंय? चांगल्या कामाला नाट लागेल," म्हणून त्या ओरडल्या. तेव्हापासून हे नॅटला 'धाकटं' म्हणू लागले. आम्ही दोघं 'धाकट्या'बद्दल बोलत असलो की सासूबाई आशेने माझ्याकडे बघायच्या. पुढे खरंच मुलगी झाली तेव्हा तो गोंधळ मिटला.

ह्यांचं सगळ्यात आवडतं विमान व्हॅम्पायर. ते दिसायला सुंदर नाही. पुढे अंड्यासारखं पोट, त्यात वैमानिक आणि इंजिन, पंखांपासून मागे गेलेल्या दोन दांड्या आणि त्या जोडणारी शेपटी. पण ते पुढचं पोट लाकडाचं आहे. प्लायवूडचे दोन थर आणि मध्ये बाल्सा, म्हणजे आपल्या सावरीपेक्षाही हलकं लाकूड. जेटचं युग सुरू झालं ते लाकडात बसून, याचं ह्यांना अपार कौतुक. त्यांनी शिवणीच्या लाकडात एक व्हॅम्पायर कोरलं होतं, दोन्ही हातांत धरावं लागेल एवढं. त्याच्या आत बोट घालून हवेचा रस्ता दाखवता येई.

आमच्या गावच्या वाचनालयाची वैशाखात व्याख्यानमाला असते. ह्यांनी व्याख्यान देऊ का म्हणून कितीतरी वर्षं विचारलं. मधुमेहावर व्याख्यान झालं, प्राप्तिकरावर झालं, ग्रहताऱ्यांवर तर दोनदा झालं. विमानांचा नंबर लागला तो या वर्षीचा. होकार मिळाला त्या दिवशी ह्यांनी सबंध वाडीभर फिरून एकेका गड्याला ते सांगितलं. कार्तिकात ते गेले. आजारपण फार झालं नाही.

चैत्रात वाचनालयाचे अध्यक्ष घरी आले. ते निवृत्त मुख्याध्यापक, फार सभ्य गृहस्थ.

"वहिनी, व्याख्यानाच्या दिवशी आपण श्रद्धांजलीची सभा ठेवू. दोन शब्द मी बोलेन, दोन कुणीतरी बोलेल. फोटोला हार घालू."

"आणि विमानं?"

"विमानांचा उल्लेख करूच की. त्यांना आवड होती असं म्हणू."

मी त्यांना कोकम सरबत दिलं आणि म्हटलं, "व्याख्यान होईल. मी देते."

त्यांनी सरबत संपेपर्यंत विचार केला. "तुम्हाला जमेल का... म्हणजे मानसिकदृष्ट्या?"

"विषय पाठ आहे मला," मी म्हटलं. ते खरंच होतं. या गावात व्हॅम्पायरबद्दल माझ्याइतकं माहीत असलेलं आता कुणीच नव्हतं. एक दिवस सगळ्यांनी गप्प बसून ते ऐकावं, एवढीच ह्यांची मागणी होती. फोटोला हार घालून ती पुरी झाली नसती. लोक हळहळले असते, चहा प्याले असते आणि लाकडाचं जेट कायमचं राहून गेलं असतं.

नणंद त्या वेळी माझ्याकडेच राहायला होती. अध्यक्ष फाटकाबाहेर पडले तशी ती आतून आली.

"वर्ष तरी होऊ दे. वर्षाच्या आत स्टेजवर चढून भाषणं करतात का?"

"व्याख्यान आहे ते. लग्नात नाचायला चालले नाहीये."

"लोक काय म्हणतील?"

"जेटला पंखा नसतो का, असं विचारतील. त्याचं उत्तर तयार आहे."

"तू आणि तो, सारखेच," ती म्हणाली. रागावून आत गेली, पण व्याख्यानाच्या दिवशी माझी साडी तिनेच इस्त्रीला दिली.

विषयाचं नाव मी वाचनालयात फोनवरून सांगितलं: ब्रिटिशांची पहिली जेट, व्हॅम्पायर, हंटर व नॅट. पलीकडे कारकून होता, आणि त्याच्यापलीकडे रस्त्यावर कसलीतरी मिरवणूक चालली होती. दोन दिवसांनी वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर सुबक अक्षरांत आलं:

'ब्रिटिशांचे पहिले अंपायर, हंटर व नाट.'

आमच्या पट्ट्यात टेनिस बॉलचं क्रिकेट म्हणजे काय चीज आहे, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. त्याच आठवड्यात गावोगावच्या संघांच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला होता आणि अंपायरने दिलेल्या एका धावबादवरून चौल आणि रेवदंड्यात बोलाचाली चालू होती. मला फळ्याचं कळलं ते थेट सभागृहाच्या दारात. खुर्च्या भरलेल्या, मागे मुलगे उभे, खिडक्यांतही माणसं. पुढच्याच रांगेत रेवदंड्याचा एक म्हातारा नाखवा बसला होता. त्याच्या होड्या आहेत आणि तिथल्या संघाचे कपडे तोच शिवून देतो.

तो शेजाऱ्याला सांगत होता, "इंग्रजांच्या टायमाला अंपायर हंटर घेऊन उभा राहायचा. म्हणून तेव्हा भांडणं न्हाय व्हायची."

"आणि नाट?"

"नाट तो लावायचा. आपल्या अंपायरसारखाच. चाल तीच हाय."

अध्यक्ष घामाघूम होऊन माझ्याजवळ आले. "वहिनी, घोटाळा झालाय. ही मंडळी क्रिकेटसाठी आलीत. मी उठून सांगतो, दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळू आणि संपवू. तुम्हाला अवघडल्यासारखं नको."

मी खुर्च्यांकडे पाहिलं. मधुमेहाच्या व्याख्यानाला याच्या निम्मी माणसं नव्हती. "शांतता शेवटी," मी म्हटलं, आणि ह्यांचं व्हॅम्पायर पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

पहिलं वाक्य मी घरून ठरवून आणलं होतं, ते टाकून दिलं. "फळ्यावर चूक झाली आहे," मी म्हणाले. "अंपायर नाही, व्हॅम्पायर. त्याचा अर्थ रक्त पिणारं भूत."

"म्हणजे अंपायरच!" मागून कुणीतरी ओरडलं.

हसणं ओसरेपर्यंत मी थांबले. शाळेत चाळीस मुलांपुढे उभं राहिलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. मग मी सांगितलं की या भुताच्या पोटात इंजिन होतं, त्या इंजिनाच्या नावाचा अर्थही भूतच, आणि आपल्या देशात आलेलं पहिलं जेट हेच. एकदोघे उठून गेले. बाकीचे, बहुधा उन्हातून आल्यामुळे, बसून राहिले. मग मी म्हणाले, "हा जो पुढचा भाग दिसतो, तो लाकडाचा होता."

नाखवा खुर्चीत पुढे सरकला. "लाकडाचा? ह्या मॉडेलचा की खऱ्याचा?"

"खऱ्याचा."

"आणि मागं आग पेटलेली?"

"इंजिन धातूचं. ते वेगळं बसवलेलं."

"बाई, आमची लाकडाची होरी नुसती उन्हात ठेवली तर सांधे उघडतात. हा बाबा ढगात जाऊन येतो आणि लाकडाचा?"

मी थर सांगितले, डिंक सांगितला, दमट हवेत त्याची काळजी घ्यावी लागायची तेही सांगितलं. तेवढ्यात मागून एक तरुण म्हणाला, "म्हणून तर आता सगळं फायबरचं. होडीसुद्धा."

"तुझं फायबर!" नाखवा मागे वळला. "एक खडक लागू दे, मग बघ. लाकूड दुरुस्त होतं. फायबर भंगारात जातं."

"दुरुस्त करायला सुतार कुठाय पण?"

"तुझा आजा होता की! त्याला विचारायचं होतंस, जिवंत होता तोवर."

पुढची वीसेक मिनिटं सभा माझ्या हातात पूर्णपणे नव्हती, पण विषय माझाच चालला होता. लाकूड की धातू, हलकं की टिकाऊ, दोन दांड्या कशाला, एक का नाही. जिथे चुकत होते तिथे मी चूक दाखवत होते. व्हॅम्पायर टेबलावरून उचललं गेलं आणि रांगांतून हातोहात फिरायला लागलं. कुणी पोटात बोट घालून बघत होतं, कुणी कानाशी धरत होतं. नाखव्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "कानस चांगली मारलेय."

अध्यक्ष माझ्या डावीकडे दोनदा उभे राहिले. दोनदा त्यांनी घसा साफ केला. दोन्ही वेळा त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही आणि ते बसले. शांततेची वेळ निघून गेली होती. मला ती नकोच होती.

बायकांच्या बाजूला मागच्या रांगेत एक हात वर झाला. मासळी सुकवणाऱ्यांपैकी एक असावी, पदर खोचलेला. व्हॅम्पायर आता तिच्या मांडीवर होतं.

"बाई, ह्यात माणूस एकच बसायचा?"

"एकच. पुढे शिकवण्यासाठी दोघांचं केलं, शेजारी शेजारी."

"ते बरं केलं," ती म्हणाली. "बोलायला होतं मग."

मी पाण्याचा घोट घेतला. "होतं," मी म्हटलं, आणि खडू उचलून मागच्या फळ्यावर हंटरचे मागे झुकलेले पंख काढायला घेतले.